सावलीची किंमत

संगणकाने कृत्रिमरीत्या घडविलेल्या प्रतिमेवर तशी खूण असावी आणि ती चित्राचा किमान दहा टक्के भाग व्यापणारी असावी, असा प्रस्ताव केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुद्याच्या रूपाने मांडला. फेब्रुवारी २०२६ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा दहा टक्क्यांची अट गळाली होती. खूण ठळक असावी, एवढे बंधन उरले. खुणेचा आकार हा प्रश्न गौण आहे असे नव्हे. परंतु खोटे चित्र बनविणाऱ्याला पूर्वी जो खर्च येत असे तो आज कोणाच्या माथी येऊन पडला आहे, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. आणि त्या खर्चाचा मोठा वाटा, ऐकून नवल वाटेल, सावलीचा होता.

छायाचित्रात फेरफार करणे ही गोष्ट नवी नाही. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याला १९४० मध्ये देहदंड झाल्यावर, मॉस्को कालव्याच्या काठी स्टॅलिनशेजारी असलेली त्याची आकृती पुसून तेथे पाणी रंगविण्यात आले. माणूस काढणे हे त्या मानाने सोपे काम. चित्रात नसलेला माणूस आणून उभा करावयाचा तर सारे अवघड होऊन बसते, कारण त्याच्याबरोबर त्याचा प्रकाशही आणावा लागतो.

संगणकावर घडविलेली मानवाकृती खऱ्या छायाचित्रात बसविण्याचा खटाटोप करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांचा बहुतेक वेळ आकृती घडविण्यात जात नाही. तो उजेड जुळविण्यात जातो. छायाचित्रातील सूर्य कोठे होता हे खांबाच्या सावलीवरून काढावयाचे, त्या दिशेला संगणकातील दिवा ठेवावयाचा, आणि आकृतीच्या पायाखाली एक अदृश्य जमीन अंथरावयाची, जी स्वतः दिसत नाही, फक्त सावली झेलते. एवढे करूनही आकृती अधांतरी तरंगते. कारण पाऊल जेथे भुईला टेकते तेथील बारीक, गडद रेघ राहून गेलेली असते. शिवाय उन्हातील सावली निव्वळ काळी नसते. आकाशाच्या उजेडाने तिला निळसर छटा येते. पायाजवळ तिची कड रेखीव असते, दूर जाताना ती मऊ होत जाते. तांबड्या मातीवर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली तांबूस झाक असते. १९९८ मध्ये पॉल डेबेव्हेक या संशोधकाने यावर सुंदर तोडगा मांडला : दृश्यस्थळी आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याची कमीअधिक प्रकाशातील छायाचित्रे घ्यावयाची, आणि त्यांत टिपलेल्या चहूबाजूंच्या उजेडानेच कृत्रिम वस्तू उजळावयाची. ब्लेंडरसारखी फुकट मिळणारी साधने आज ही सोय कोणाच्याही हाती देतात. या नादात असणारा विद्यार्थी ऊन कसे पडते हे पुस्तकापेक्षा अधिक शिकतो, हेही नोंदविले पाहिजे.

हीच भूमिती खोटेपणा पकडण्याच्या कामी येते. सावलीतील एखाद्या बिंदूपासून वस्तूच्या त्याच बिंदूपर्यंत रेषा ओढली, आणि अशा अनेक रेषा ओढल्या, की उन्हातील खऱ्या चित्रात त्या साऱ्या एका ठिकाणी मिळाल्या पाहिजेत. केनेडींच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डचे परसातील १९६३ चे छायाचित्र बनावट असल्याचा संशय कित्येक वर्षे होता. नाकाची सावली एकीकडे आणि देहाची दुसरीकडे पडते, असे आक्षेपकांना वाटे. हॅनी फरीद यांनी त्या दृश्याची त्रिमिती प्रतिकृती रचून दाखविले की, दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या आहेत. चूक छायाचित्राची नव्हती, पाहणाऱ्याच्या नजरेची होती. मानवी डोळा सावलीच्या बाबतीत मोठा भोळा असतो.

आता मात्र यंत्राला एक वाक्य सांगितले की आकृती सावलीसकट तयार होऊन येते. ती सावली मोजून काढलेली नसते, असंख्य चित्रे पाहून अजमावलेली असते. त्यामुळे भूमितीत ती अनेकदा चुकते, पण डोळ्याला खटकत नाही. म्हणजे बनविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, तपासण्याचा खर्च मात्र होता तेथेच राहिला. खरा आणि खोटा माल ग्राहकाला ओळखता येईनासा झाला की चांगल्या मालालाही भाव मिळत नाही, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. छायाचित्रांच्या बाजारात आज तेच घडू लागले आहे. चेस्नी आणि सिट्रन या अमेरिकन कायदेपंडितांनी २०१९ मध्ये याची दुसरी बाजू दाखविली : खऱ्या पुराव्यालाही ‘बनावट’ म्हणून झटकून टाकण्याची सोय खोटे बोलणाऱ्याला आपोआप मिळते.

याची झळ कोणाला, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. महात्मा गांधी रोजगार हमी योजनेत १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, कामांवरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदविणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच कबूल करावे लागले की, भलतीच छायाचित्रे आणि छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र चढविले जात आहे. येथे कोणतेही प्रगत तंत्र नव्हते. सकाळच्या आणि दुपारच्या सावलीची लांबी ताडून पाहिली असती तरी काही लबाडी उघडी पडली असती! त्याऐवजी ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र तपासण्याचा आदेश निघाला. लबाडी करणारे थोडे. शंकेची नजर आणि मजुरीला होणारा विलंब मात्र उन्हात राबणाऱ्या साऱ्यांच्या वाट्याला.

न्यायालयांचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. त्यात नोंदवावयाचा हॅश हा अंक चित्राची नोंद नंतर बदलली नाही एवढेच सांगतो. मुळातले दृश्य खरे होते की नाही, हे सांगत नाही. बड्या कंपनीला तज्ज्ञ मिळतो. बांधावरील अतिक्रमणाचे छायाचित्र घेऊन तालुक्याच्या न्यायालयात आलेल्या शेतकऱ्याने तो कोठून आणावा?

ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो त्यानेच सफाईचा खर्च सोसावा, हे तत्त्व पर्यावरणाच्या बाबतीत आपल्याकडे मान्य झाले आहे. त्याच न्यायाने, वाक्य सांगताच चित्र बनवून देणाऱ्या कंपन्यांवर उपकर बसवून, प्रत्येक जिल्हा न्यायालयाशी जोडलेली अल्प शुल्काची तपासणीव्यवस्था उभारता येईल. ब्लेंडरसारख्या फुकट साधनांवर असा उपकर बसविता येणार नाही, हे खरे. पण त्या साधनांना अजून अंगमेहनत लागते, आणि तेथे सावलीची किंमत अद्याप चित्र बनविणाराच मोजतो.