साठ तुकड्यांची गोधडी

परवा कॅंटीनमध्ये एक मित्र म्हणाला, "राजकारणावर बोलायचं तर सरळ बोल ना. गोधडी शिवून काय होणार?"

बरंच काही होतं, राव. 1973 साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं गायब व्हायला लागली. त्यांच्या आयाबायकांनी तरटावर चिंध्या शिवून त्याची चित्रं केली, ती देशाबाहेर गेली आणि तिथली हकीकत जगाला कळली. 1987 मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी अंथरली गेली. 1920 तुकडे, प्रत्येक तुकडा सहा फूट बाय तीन फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. आकडा वाचून पुढे जाता येतं, पण त्या गोधडीला वळसा घालून चालावं लागत होतं.

आता आपल्या भामरागडकडे या. ऑक्टोबर 2009 मध्ये लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी 17 पोलीस मारले. एप्रिल 2018 मध्ये चकमकींत पोलिसांनी 40 नक्षलवादी मारल्याचं सांगितलं. त्यातली काही पोरं नुकतीच घरातून गेलेली, असं गट्टेपल्लीचे लोक म्हणत होते. जानेवारी 2019 मध्ये नक्षलवाद्यांनी कसनसूरच्या तिघा गावकऱ्यांना खबरे ठरवून मारलं. बेरीज साठ.

पण ही बेरीज करतो कोण? आपल्याकडे 17 वाले वेगळे आणि 40 वाले वेगळे. रात्री दोनपर्यंत दोघांचं भांडण चालतं. त्या तिघांच्या बाजूने भांडायला तर कुणीच नाही. एक्सेलमध्ये फिल्टर लावून नको ती नावं लपवता येतात. गोधडीत शेजारचा तुकडा उसवला की आपलाही सुटतो.

"म्हणजे पोलीस आणि नक्षलवादी सारखेच?" नाही हो. गुन्हा कुणाचा ते कोर्टाने ठरवावं. गोधडी फक्त मेलं कोण ते सांगते, आणि तेवढंही एका जागी सांगायची आपली तयारी नाही.

ही गोधडी माडिया बायकांनी शिवावी आणि आपण प्रदर्शनात फोटो काढावेत, असं मी म्हणत नाहीये. त्यांच्यावर आधीच दोन्हीकडून नजर राहिली आहे. शिवायची आपण, पुण्या-मुंबईत, एसीत बसून मतं ठोकणाऱ्यांनी.

मला साधा धावदोराही येत नाही. आजीकडून शिकतोय, दोनदा बोट टोचून झालं. पहिला तुकडा त्या तिघांपैकी एकाचा.

उरले एकोणसाठ. बोला, कोण घेतंय?