कागदी श्रीमंतीवर रोख कर

नवी दिल्ली : कंपनीने बोनस म्हणून शेअर दिले, तर उत्पन्न नेमके कोणत्या दिवशी झाले? शेअर खात्यात जमा झाले त्या दिवशी, की ते विकून पैसे हाती आले त्या दिवशी? गेल्या पाव शतकात कायद्याने या साध्या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. पुणे-मुंबई सोडून बंगळुरू, हैदराबाद वा गुरुग्राममध्ये स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरखर्चाशी या उत्तरांचा थेट संबंध आहे.

२००० पासून सरकारी निकषांत बसणाऱ्या योजनांतील शेअरवर फक्त विक्रीच्या वेळी, भांडवली नफ्याचा कर लागत असे. २००७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी हे शेअर ‘फ्रिंज बेनिफिट टॅक्स’च्या कक्षेत आणले. कर कंपनीवर बसला. पण तो कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला मिळाली. २००९ मध्ये प्रणव मुखर्जी यांनी तो कर रद्द केला आणि शेअरचे मूल्य कर्मचाऱ्याच्या पगारातील अनुलाभ ठरले. या दोहोंच्या मध्ये, जानेवारी २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने इन्फोसिसच्या जुन्या प्रकरणात निर्वाळा दिला होता की, विक्रीवर बंधन असलेल्या शेअरमधील संभाव्य लाभाला, कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नसताना, उत्पन्न म्हणता येणार नाही. तोवर कायदाच बदललेला असल्याने पुढील कर्मचाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

२००९ च्या व्यवस्थेचा अर्थ आकड्यांत पाहावा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याला २० लाखांचे शेअर मिळाले आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत राहिले, तर उपकरासह ६ लाख २४ हजार रुपये कर होतो. वर्षभरात भाव निम्मा झाला तरी भरलेला कर परत मिळत नाही. विकल्यावर झालेला १० लाखांचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो केवळ भांडवली नफ्यातून, फार तर पुढील आठ वर्षांत, वळता करता येतो. म्हणूनच शेअर जमा होताच कराइतके विकून टाकणे हा शहाणपणाचा मार्ग मानला जातो, आणि अनेक कंपन्या तसे परस्पर करतातही. परदेशी कंपनीचे शेअर असल्यास ते विवरणपत्रात स्वतंत्रपणे दाखवावे लागतात.

बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यापुढे मात्र हा मार्गही नसतो. मर्चंट बँकरने कागदावर किंमत ठरवायची, ग्राहक कोणीही नाही आणि कर रोखीत! हे ओळखूनच २०२० मध्ये निर्मला सीतारामन यांनी वसुली सुमारे पाच वर्षे पुढे ढकलली. शेअर विकल्यास किंवा नोकरी सोडल्यास ती आधी होते. पण ही सवलत करमाफीचे सरकारी प्रमाणपत्र असलेल्या नवउद्योगांपुरतीच. २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नवउद्योगांची संख्या दीड लाखावर होती आणि प्रमाणपत्रधारक चार हजारांच्याही आत. दाराची फट एवढीच उघडली.

अर्थ मंत्रालयाची धास्ती निराधार नाही. केवळ विक्रीच्या वेळी कर घेतला, तर पगारच शेअरच्या रूपाने दिला जाईल आणि ३० टक्क्यांचे उत्पन्न १२.५ टक्के दराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यात वळेल. परंतु २०२० च्या तरतुदीत अनुलाभाचे मूल्य आणि दर तेच राहतात, फक्त वसुलीचा दिवस पुढे जातो. ती नोंदणी नसलेल्या सर्व कंपन्यांना लागू केल्यास करबुडवेगिरीला वाव मिळतो, हा आक्षेप टिकत नाही.

हा विचार करण्याची संधी संसदेला मिळाली होती. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारे प्राप्तिकर विधेयक ११ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत विरोधकांच्या गदारोळात, चर्चेविना संमत झाले. भाषा सोपी झाली, वसुलीचा दिवस मात्र तोच राहिला. शेअरवर जगणारा हा नोकरदार वर्ग कोणाचीच मतपेढी नाही. त्याच्या प्रश्नासाठी सभागृह तहकूब होण्याची शक्यताही नाही. भाव चढला तर तिजोरीला विक्रीच्या वेळी आणखी वाटा मिळतो. पडला, तर तोटा एकट्या कर्मचाऱ्याचा.