‘किडनी कमजोर’ म्हणजे नेमके काय?

ॲक्युपंक्चर किंवा ॲक्युप्रेशरच्या उपचारांसाठी गेलेल्या ज्येष्ठांच्या कानी कधीकधी एक वाक्य पडते : ‘तुमची किडनी कमजोर झाली आहे.’ ऐकताच छातीत धस्स होते आणि डायलिसिसचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वास्तविक, सांगणाऱ्याच्या मनातले मूत्रपिंड बहुधा आपल्या रक्ततपासणीच्या अहवालातले नसतेच. हा घोटाळा उलगडायचा, तर पारंपरिक चिनी वैद्यकाची परिभाषा थोडी समजून घ्यायला हवी.

‘यिन’ म्हणजे मुळात डोंगराची सावलीकडची बाजू आणि ‘यांग’ म्हणजे उन्हाकडची. डोंगर एकच, पण सूर्य सरकतो तशी सकाळी उन्हात असलेली बाजू दुपारनंतर सावलीत जाते. रात्र, शीतलता, विश्रांती, ओलावा हे यिन. दिवस, उष्णता, हालचाल, कोरडेपणा हे यांग. एक वाढले की दुसरे ओसरते आणि एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात आरोग्याचा विचार याच समतोलावर उभा केलेला आहे.

त्याला जोड मिळाली काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच तत्त्वांची. आपल्याला साहजिकच पंचमहाभूते आठवतात. पण येथे वायू व आकाश नाहीत, त्यांच्या जागी काष्ठ आणि धातू आहेत. शिवाय ‘वू शिंग’ या मूळ संज्ञेतील ‘शिंग’चा अर्थ ‘चालणे’ असा आहे. म्हणजे ही तत्त्वे सृष्टीतील पाच गती होत. काष्ठ अग्नीला पोसते, अग्नीची राख मातीला मिळते, मातीतून धातू निघतो. तसेच जल अग्नीला आवरते आणि माती जलाला बांध घालते. पोसणे आणि आवरणे, दोन्ही हवेत.

या पाच तत्त्वांशी अनुक्रमे यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे जोडलेली आहेत. जलतत्त्वाच्या मूत्रपिंडाकडे हिवाळा, भीती, हाडे, कान आणि डोक्यावरचे केस सोपवलेले आहेत. माणसाची वाढ, प्रजनन आणि वार्धक्य यांची कहाणीही चिनी वैद्यांनी त्याच्याच नावे मांडली. त्यामुळे कंबर-गुडघे दुखणे, ऐकू कमी येणे, रात्री लघवीसाठी वारंवार उठणे या तक्रारी ऐकून ते ‘मूत्रपिंड दुर्बल’ म्हणतात. क्रिएटिनिनशी त्या शब्दांचा संबंध असेलच असे नाही.

म्हणून भिऊ नये. पण गाफीलही राहू नये. अशी लक्षणे ‘जलतत्त्वाची’ समजून सोडून दिली, तर मधुमेह, प्रोस्टेटचा विकार किंवा खरोखरीचा मूत्रपिंडविकार निसटू शकतो. आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच. चिनी वनौषधी त्यांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या काही वनस्पतींनी मूत्रपिंडे निकामी होतात; १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांतून हे घडले. अनेक चिनी पाठांत असणारे ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटू शकते. ‘दांग ग्वे’ या मुळीने वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुयांचे उपचार घ्यायचे असल्यास रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे आधी सांगावे आणि सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हे पाहावे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. उपचारकाची नोंदणी विचारण्यात संकोच नको.

मग या विचारातून घ्यावे काय? ‘ताई ची’ अवश्य घ्यावी. शरीराचा भार संथपणे एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, हा यिन-यांगचाच अभ्यास. ज्येष्ठांचे पडणे त्याने कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. सुरुवात खुर्चीचा आधार घेऊन, जवळ कोणी असताना करावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी घरातल्या दिवसरात्रीकडेही लक्ष द्यावे. आजोबा दुपारभर झोपून रात्री जागत असतील, तर सकाळी त्यांना उन्हात बसवावे, थोडे चालवावे, संध्याकाळी दिवे मंद करावेत.

आणि पुन्हा कोणी ‘किडनी कमजोर’ म्हणालेच, तर शांतपणे विचारावे : ‘हे तुम्ही नाडी पाहून सांगता, की अहवाल पाहून?’