सिस्टरचा बागुलबुवा करू नका

'गप्प जेव, नाहीतर सिस्टरला सांगून सुई टोचायला लावीन!' ताथवड्याच्या जुन्या गावठाणात काय किंवा नव्या सोसायट्यांत काय, हा दम घरोघरी ऐकू येतो. मूल जेवते खरे. पण परिचारिका म्हणजे शिक्षा, हे त्याच्या मनात पक्के बसते. मग ते खरचटलेला गुडघा लपवते आणि धनुर्वातापासून वाचवणाऱ्या ५, १० व १६ वर्षांच्या वेळच्या लसी टाळू पाहते.

सावित्रीबाई फुले मुलांना शिक्षिका म्हणून ठाऊक असतात. पण १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा केली, आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच लागणीने १० मार्चला त्यांचा अंत झाला. आज सिस्टर रात्रपाळीत उशाशी बसतात, ते याच जातीचे काम. मुलांना हे सांगा.

मात्र 'दुखणारच नाही' असे खोटे सांगू नये. 'थोडे टोचेल, मी जवळ आहे' म्हणून लहानग्याला मांडीवर घ्यावे. परत निघताना त्याने सिस्टरांना नमस्कार करावा. पुढच्या वेळी ते रडले तरी पळणार नाही.