जर्मन वाईन गोडमिट्ट? दोष द्राक्षाचा नाही, कायद्याचा!

"जर्मन वाईन म्हणजे साखरेचं पाणी" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा. दोष मोझेल खोऱ्यातल्या रिस्लिंग द्राक्षाचा नाही, १९७१ च्या जर्मन वाईन कायद्याचा आहे. त्याने दर्जा ठरवला रसातल्या साखरेवर. जमीन कुठली, हे गेलं मागे.

वर नावांचा घोळ. 'पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन' म्हणजे पीसपोर्टच्या स्लेट दगडाच्या उभ्या उतारावरची वाईन. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' म्हणजे आसपासच्या कितीतरी गावांचा, सपाटीवरचासुद्धा माल. नाव मात्र पीसपोर्टचंच! देवगडच्या पेटीत भलताच आंबा भरायचा, आणि त्यावर सरकारी शिक्का! मग उतारावर कंबर मोडून राबणाऱ्याने करायचं काय?

आता २०२६ च्या पिकापासून अशा बाटलीवर 'रेगिओन' हा शब्द लावावा लागणार. म्हणजे ५५ वर्षांनी जाग आली!

तेव्हा गिऱ्हाइकानेच शहाणं व्हावं. लेबलवर 'ट्रोकन' दिसलं तर वाईन कोरडी, गोड नाही. रिस्लिंगमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुतेक गोडसर. थंड करा, आधी वास घ्या, मग छोटा घोट. गोडीला तोलणारा आंबटपणा जाणवला की समजा, बाटली बरी निघाली. नावाला भुलू नका, मळा विचारा.