बकऱ्या कशाने मरतात?

साथींनो,

पाऊस लागला की सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांत बकऱ्या मरायला लागतात. दरवर्षीचंच आहे म्हणून आपण गप्प बसतो. पण बकरी ही गरिबाची बँक आहे. बियाणं, दवाखाना, कोर्टाची तारीख, सगळ्याला बकरीच विकली जाते. एका पावसाळ्यात पाच बकऱ्या गेल्या की माणूस सावकाराच्या दारात जातो, नाहीतर ऊसतोडीची उचल घेतो.

साहेब म्हणतात, आदिवासी अडाणी, त्यांना जनावर सांभाळता येत नाही. गावात काहीजण म्हणतात, डाकीण लागली. दोन्ही खोटं आहे.

संध्याकाळी धडधाकट आलेली बकरी सकाळी मेलेली सापडते, तो बहुतेक वेळा आंत्रविषार. उन्हाळाभर उपाशी राहिलेली बकरी पहिल्या पावसाचं कोवळं गवत अधाशासारखं खाते, आतड्यातले जंतू वाढून विष तयार होतं. ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण आणि बघता बघता कळप आडवा, तो पीपीआर; हा एकीचा दुसरीला लागतो. जबड्याखाली सूज, डोळे पांढरे, तर पोटात जंत किंवा काळजात चपटे कृमी. डबक्याकाठच्या गोगलगायींमुळे ते पसरतात. करडं मरतात ती ओलीने, गारठ्याने आणि आईला दूध नसल्याने.

यातल्या बऱ्याच रोगांवर उपाय आहे. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचायची असते. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षं पुरते. जंताचं औषध पावसाआधी आणि नंतर द्यायचं. पण लस थंड ठेवावी लागते, घाटातला रस्ता खराब, दवाखाना लांब. डॉक्टर येतो तो बकऱ्या पुरल्यावर.

आणि बकरी उपाशी का? १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात चारणं गुन्हा ठरवला. १८७१ च्या कोंडवाडा कायद्यात गाई-म्हशींबरोबर बकरी आणि करडूही आहे. रोपवन आलं, चर खणला, तार लागली, चराई बंद. सगळ्या पाड्याचे कळप एका पट्टीत, एका डबक्यावर. रोग पसरायला आणखी काय लागतं? वर योजनेच्या दहा शेळ्या आणि एक बोकड लांबच्या बाजारातून ट्रकात कोंबून येतात. लस दिलेली नसली तर त्या पाड्यातल्या कळपालाही रोग देतात. मेल्यावर कानातला बिल्ला नाही, पंचनामा नाही, म्हणून विमा अडतो.

डाकिणीबद्दल स्पष्टच बोलू. जनावर मेलं की बोट दाखवलं जातं ते एकट्या, विधवा बाईकडे. नीट बघा, अनेकदा तिच्याकडे जमिनीचा तुकडा असतो आणि तो कुणाला तरी हवा असतो. जमिनीसाठी लढणाऱ्या माणसाने बहिणीची जमीन अशी हिसकावू देऊ नये. ज्या पाड्यात असं बोललं जाईल, तिथे साथींनी त्याच दिवशी बैठक घ्यावी.

आता करायचं काय?

१) प्रत्येक पाड्यात एक वही ठेवा. किती बकऱ्या, कोणत्या दिवशी, कोणती लक्षणं, डॉक्टर आला की नाही, सगळं लिहा. मोर्चात हीच वही साहेबांसमोर ठेवायची.

२) लसटोचणी पावसाआधी, पाड्यावर येऊन व्हावी, असा ठराव ग्रामसभेत करून पंचायत समितीत द्या. पोच घ्या.

३) २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये चराईचा हक्क लिहिलेला आहे. नवाडाच्या दाव्यासोबत गावाचा सामूहिक दावाही भरा. चराईच्या जागा, पाणवठे, वाटा म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर काढा.

४) आजारी बकरी वेगळी बांधा. मेलेली नाल्यात टाकू नका, खोल पुरा. करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. बाजारातून आणलेली बकरी तीन आठवडे कळपात सोडू नका.

चौथं काम आजपासून आपल्या हातात आहे. बाकीच्या तिन्हींसाठी एकजूट लागेल.

जमीन आमची, जंगल आमचं, चराईचा हक्कही आमचाच!