वर्दीने कुणाची कारकीर्द खाल्ली?

तंजावर. एनसीसी शिबिराचा तिसरा दिवस. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर एक तमिळ कॅडेट समोर येऊन सावधानमध्ये उभा राहिला. कॉलेजच्या संघात तो कव्हरला उभा असतो, चेंडूवर घारीसारखी झडप घालतो. परवा तिरुचिरापल्लीला विद्यापीठ संघाची निवड चाचणी होती, म्हणून सुट्टी हवी होती. पण सुट्टी मागण्याआधी त्याने विचारलं, "सर, फौजेत गेलं की खेळ संपतो, असं बाबा म्हणतात. खरं आहे का?"

हेच वाक्य आमच्या खडकवासल्याच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवरही अधूनमधून फिरतं. तिथे ते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारींबद्दल असतं. (नाटक-सिनेमातले नव्हेत, क्रिकेटवाले.) "युद्धाने आणि वर्दीने बिचाऱ्याची कारकीर्द खाल्ली." खाली हात जोडलेल्यांची रांग.

मला हे साफ नामंजूर आहे.

आधी हिशेब नीट मांडू. अधिकारींचा जन्म पुण्याचा, 31 जुलै 1919. सतराव्या वर्षी ते गुजरातकडून रणजी खेळले. ऑगस्ट 1936 नंतर भारत थेट जून 1946 मध्ये कसोटी खेळला. अधिकारींची पहिली कसोटी 1947 ची, ब्रिस्बेनला, वय 28. म्हणजे ऐन उमेदीची दहा वर्षं कसोटीचं दारच बंद होतं. पण ते सगळ्यांनाच बंद होतं. हजारे-मर्चंटनाही. देशातलं क्रिकेट मात्र चालू होतं. त्याच काळात, 1943-44 मध्ये, हजारेंनी पंचरंगी सामन्यात संघाच्या 387 पैकी 309 धावा एकट्याने काढल्या. मग यात वर्दीचा गुन्हा कोणता?

अमेरिकेत टेड विल्यम्स नावाचा बेसबॉलपटू होता, मैदानाच्या दूरच्या कडेला क्षेत्ररक्षण करणारा. 1943 ते 45 हे तीन मोसम त्याने वैमानिक म्हणून सैन्याला दिले. पुढे कोरियाच्या युद्धात 39 मोहिमा उडवल्या. तिथले लोक अजून आकडेमोड करतात, युद्ध नसतं तर त्याचे 521 होमरन कुठवर गेले असते. आपणही तेच करतो. जर-तरच्या धावा मोजतो आणि झालेल्या विसरतो.

झालेल्या धावा ऐका. 1948, दिल्ली, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 114. 1952, दिल्ली, पाकिस्तानविरुद्धची आपली पहिलीच कसोटी: नाबाद 81, गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटला 109 धावा. आपण डावाने जिंकलो. सर्व्हिसेसचा संघ त्यांच्या हाताखाली 1956-57 आणि 1957-58 असा सलग दोनदा रणजीच्या अंतिम फेरीत गेला. बिचारा?

नोकरीमुळे त्यांचे काही कसोटी सामने हुकले, हे मी नाकारत नाही. पण 1958-59 ची मालिका आठवा. पाच कसोट्यांत चार कप्तान! मद्रासला तर सामन्याच्या तोंडावर उम्रीगरांनी कप्तानी सोडली. सगळा विचका झाल्यावर शेवटच्या कसोटीला या एकोणचाळीस वर्षांच्या फौजीला कप्तान केलं. त्यांनी 63 आणि 40 धावा केल्या, लेगब्रेकवर तीन बळी घेतले, सामना अनिर्णित राखला. पुढच्या इंग्लंड दौऱ्याला कप्तान दुसराच गेला. अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत. हे कुठल्या युद्धाने केलं?

आणि 1971? ओव्हलला 24 ऑगस्टला आपण इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकलो, तेव्हा संघाचे मॅनेजर अधिकारी होते. सोलकर, वाडेकर, आबिद अली, आपले मद्रासचे वेंकटराघवन बॅटच्या टोकाशी उभे राहून झेल घेत होते. क्षेत्ररक्षणाचा तो कडक सराव घेणारा माणूस फौजेतच घडला होता. हीसुद्धा कारकीर्दच.

माझं म्हणणं एवढंच: कारकीर्द वर्दी खात नाही, माणसं खातात. आणि वर्दीचं नाव पुढे करून सुटतात.

हे मी कुणाला उपदेश म्हणून लिहीत नाही. कंपनी कमांडर असताना माझ्याकडे एक जवान होता, असाच घारीसारखा. त्याने ट्रायलसाठी सुट्टी मागितली. युनिटचा सराव तोंडावर होता. एक माणूस कमी झाल्याने काही अडलं नसतं, पण मी म्हणालो, "पहले ड्यूटी." किती भारदस्त वाटलं होतं तेव्हा! पुढल्या वर्षी मी स्वतः विचारलं, तर म्हणाला, "साहब, अब छोड़ दिया." त्याला ना युद्धाने अडवलं, ना फौजेने. मी अडवलं.

इथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. घरापासून इतक्या लांब, पण कोण काय करून गेलं ते दगडात राहिलं. आपण अधिकारींसाठी निदान तेवढं करू या. हळहळ पुरे.

कॅडेटच्या अर्जावर सही केली. शिबिराचे राहिलेले दिवस पुढच्या शिबिरात भरून घेऊ. त्याला म्हणालो, "बाबांना सांग, खेळ फौजेत गेल्याने संपत नाही. तुझा साहेब कोण आहे, त्यावर ते ठरतं. आणि उद्या तू साहेब झालास, तर हे विसरू नकोस."

जय हिंद.